फुआतिनोची हाक

फुआतिनोचा आवाज ज्यानं ऐकला नाही, त्यानं आमचं गाव पाहिलंच नाही म्हणायचं. सकाळी परसात उभी राहून ती आपल्या मुलाला, आपेलूला, हाक मारायची तेव्हा पार खडकापाशी मासे धरणारे लोक माना वर करून बघत. चर्चमध्ये गाणं सुरू झालं की पाद्रीबुवा तिला डोळ्यांनी खुणावत, जरा हळू. ती आणखी चढवायची. नवरा हयात होता तोवर गावसभेत भाषण करायचा मान त्याचा. पण घरी त्या बिचाऱ्याला नुसतं 'हं' म्हणायलाही फट सापडत नसे. आमच्या सगळ्या सवाई बेटावर अशी बाई दुसरी नाही, असं लोक म्हणत. काही कौतुकानं म्हणत, काही कानात बोटं घालून.

आवाज मोठा तसं मनही मोठं, हे मात्र तिच्या वैऱ्यानंही कबूल करावं. रस्त्यानं जाणाऱ्याला 'ये, जेवून जा' म्हणून हाक घालायची ही आमच्याकडची रीत. आता पुष्कळ जण ती तोंडातल्या तोंडात उरकतात आणि मनात म्हणतात, येऊ नकोस रे बाबा. फुआतिनोचं तसलं काही नव्हतं. तिची हाक पोटातून यायची, आणि माणूस संकोचला तर उठून त्याला हाताला धरून आणायची. घरात भाजलेल्या नीरफणसाच्या चार फोडी असोत की डुकराचं मांस असो, खाल्ल्याशिवाय सुटका नाही. चाळीस वर्षांत तिच्या घरावरून कुणी बिनहाकेचं गेलं नाही, हा तिचा अभिमान होता आणि तो खरा होता.

गावच्या महिला समितीची ती अध्यक्ष. दर महिन्याला समितीच्या घरात तान्ह्या पोरांची वजनं व्हायची. नर्स इलिसा आढ्याला काटा टांगायची, पोराला झोळीत घालायची, आणि आकडा मोठ्यानं पुकारायचं काम फुआतिनोकडे. वजन वाढलेलं असलं की आईचं तोंडभर कौतुक, नसलं की सगळ्यांदेखत खरडपट्टी. "पोरीला काय वारा पाजतेस काय गं?" असं ती विचारायची, आणि त्या आया पुढचा महिनाभर तोंड लपवून हिंडायच्या.

त्या महिन्यात झोळीत तिचीच नात होती. लुपे, पाच महिन्यांची. आकडा सहा किलो शंभर. मागच्या महिन्यातही सहा किलो शंभरच होता. फुआतिनोनं तो पुकारला, पण आवाज नेहमीचा नव्हता. मागे बसलेली सोसेफिना, समितीची उपाध्यक्ष, हातपंख्याआडून म्हणाली, "काय हो अध्यक्षीणबाई, तुमच्या घरी वारा जास्त येतो वाटतं?" बायका फिदीफिदी हसल्या.

इलिसा हसली नाही. तिनं फुआतिनोच्या सुनेला, सिनिवाला, बाजूला घेऊन विचारलं. सिनिवा खालमानेनं एवढंच म्हणाली, "दिवसा पीतच नाही. दोन घोट घेते की मान वळवते. मग रात्रभर उठते." तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. इलिसा म्हणाली, "या वयात पोरांना जग दिसायला लागतं, लक्ष उडतं. शांत ठिकाणी बसून पाज. पण पुढच्या महिन्यात काटा हलला नाही, तर दोघींना राजधानीला, आपियाच्या मोठ्या दवाखान्यात पाठवीन आणि डब्याचं दूध सुरू करावं लागेल."

डब्याचं दूध! फुआतिनोनं पुढे होऊन लुपेला उराशी धरलं. आपेलूच्या पाठीवरची तिची मुलगी तिनं डब्याच्या दुधावर ठेवली होती. वादळाचं वर्ष, टाकीचं पाणी नासलेलं, आणि पोर आठवड्यात गेली. त्याबद्दल ही बडबडी बाई जन्मात कधी कुणाशी एक शब्द बोलली नव्हती.

आता शांत ठिकाण आणायचं कुठून? आमच्या घरांना भिंती कुठे असतात! वर छप्पर, चहूबाजूंनी खांब, झालं घर. माणसं, कुत्री, डुकरं, वारा, सगळं आरपार. पण फुआतिनो हातपाय गाळणारी नव्हे. तिनं भर दुपारी झावळ्यांचे पडदे खाली सोडले. आत भट्टी झाली, सिनिवा घामानं निथळली, आणि शेजारपाजारचे विचारायला आले की घरात कोण वारलं. मग आपेलूचा रेडिओ बंद झाला. मग कुत्र्याची रवानगी मळ्यात. तरी लुपे दोन घोट घ्यायची आणि मान गर्रकन वळवायची. शेवटी संशय गेला कोंबड्यावर. "हाच मेला ओरडतो दिवसभर!" म्हणून फुआतिनो स्वतःच ओरडली आणि संध्याकाळी त्याचा रस्सा झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

दूध वाढावं म्हणून ती सुनेला रोज कोवळ्या शहाळ्याच्या मलईची पेज करून घालायची. लुपे अंगावर असली की समोर बसून पोटतिडकीनं समजावायची, "पी गं माझे बाय! पी! बघ आईकडे, इकडे काय बघतेस?" लुपे आजीकडे बघून बोळकं पसरायची. सिनिवा पोरीची मान पुन्हा आपल्याकडे वळवायची.

सून ती सूनच. नवऱ्याच्या घरी राहायला आलेल्या मुलीनं मान खाली घालून राबावं, सासूपुढे शब्द काढू नये, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. सिनिवा तर पलीकडच्या बेटावरची, इथे तिचं स्वतःचं असं कुणी नव्हतं.

मधेच चर्चच्या बायकांचा मेळावा आला. फुआतिनो दोन दिवस परगावी गेली, मन भरेपर्यंत गायली, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी बसमधून उतरली ती घसा पार बसवून. आवाज म्हणावा तर फुटक्या शिट्टीसारखा. ती मुकाट्यानं घरात आली आणि खांबाला पाठ टेकून बसली. समोर सिनिवा चटईवर बसून लुपेला पाजत होती. पडदे वर गुंडाळलेले. रस्त्यावरून पोरं आरडाओरडा करत गेली, मळ्यातून पळून आलेलं कुत्रं भुंकलं. लुपे डोळे मिटून पीत होती. एक बाजू संपवली, दुसरी घेतली. फुआतिनोचा डोळ्यांवर विश्वास बसेना.

तेवढ्यात रस्त्यानं सोसेफिना चालली. आता रीत ती रीत. फुआतिनोनं सगळं बळ एकवटलं आणि खरखरीत आवाजात हाक मारली, "सोसेफिना, ये गं, जेवून जा!"

लुपेनं झटकन स्तन सोडला. दूध हनुवटीवरून ओघळतंय, मान वळलेली, आणि आजीकडे बघून ती खुदकन हसली. कुत्र्याला हलली नव्हती, पोरांना हलली नव्हती. या एका हाकेला हलली.

सोसेफिना हात हलवून निघून गेली. फुआतिनोनं नातीकडे बघितलं, मग सुनेकडे. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"तुला ठाऊक होतं?" तिनं विचारलं.

सिनिवा चटईची कड सारखी करत बसली.

"अगं, तुला विचारतेय मी."

"हो, आई."

"कधीपासून?"

"कोंबडा कापला त्याच्या आधीपासून."

"मग बोलली का नाहीस, कार्टे?"

"तुम्ही गप्प बसा, असं मी तुम्हाला सांगू?" सिनिवाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी?"

फुआतिनोला राग आला. सगळ्यांत आधी रागच आला, खोटं कशाला सांगा. माझा आवाज? ज्या आवाजानं अख्खं गाव जेवायला येतं, तो माझ्या नातीला उपाशी ठेवतो? ती न जेवता पाठ फिरवून आडवी झाली. पण रात्री सिनिवा तीनदा उठली. तिन्ही वेळा फुआतिनोनं बसल्या जागी डुलक्या खाणारी ती पोरगी पाहिली, आणि राग कुठच्या कुठे गेला. जागी राहायची हिंमत आहे, जीव झिजवायची हिंमत आहे, आणि सासूला चार शब्द सांगायची नाही. ही भीती हिला घातली कुणी? आणखी कुणी घालणार!

सकाळी तिनं गप्प बसून पाहिलं. घसा सुटल्यावर दोन दिवस पाहिलं. नाही जमलं हो! जित्याची खोड. माणूस रस्त्यानं जाताना दिसलं की हाक आपोआप तोंडातून सुटायची, आणि हाक न घालणं म्हणजे चाळीस वर्षांच्या अब्रूवर पाणी. शेवटी तिनं चटई उचलली, छत्री घेतली, भाजलेल्या कंदांची टोपली घेतली, आणि घरापासून लांब, रस्त्याच्या वळणावर नीरफणसाच्या झाडाखाली जाऊन बसली. येणाऱ्याला तिथंच हाक, तिथंच खाऊ घालणं. ऊन असो, पाऊस असो, लुपेच्या दुधाच्या वेळा झाल्या की म्हातारी झाडाखाली.

गावाला काय, विषयच मिळाला. "सुनेनं हाकललं का गं?" सोसेफिनानं विचारलं.

"हो, हाकललं!" फुआतिनो खदाखदा हसली. "तू बस. कंद खा. तुझ्या सुनेनं हाकललं की तूही इथंच ये, जागा आहे."

तिनं हसण्यावारी नेलं, पण गाव कुठलं सोडतंय! नळावर बायका सिनिवाला ऐकवू लागल्या. सासूला रस्त्यावर बसवणारी. काय तरी बाई आजकालच्या मुली! सिनिवा रडत झाडाखाली आली. "आई, घरी चला. मला इथं तोंड दाखवायची सोय राहिली नाही."

"पोरगी पितेय ना?"

"पितेय."

"रात्री?"

"काल एकदाच उठली."

"मग जा, झोप काढ. तोंडाचं मी बघते." आणि ती छत्री सारखी करून बसली. पण त्या दिवसापासून तिलाही चैन नव्हतं. नातीचं वजन वाढेल. सुनेच्या नावाला लागलेला डाग कसा जाणार?

वजनाचा दिवस उगवला. समितीच्या घरात तीसपस्तीस बायका जमल्या. लुपेला झोळीत घातलं, काटा हलला, थरथरला, थांबला. सहा किलो सातशे. इलिसानं पुन्हा बघितलं आणि हसून फुआतिनोकडे मान वळवली. बायका वाट बघत होत्या, आता छप्पर उडणार. फुआतिनोनं आकडा पुकारला तो अगदी साध्या आवाजात. सिनिवा पोरीला घेऊन खांबापाशी बसली आणि तिला अंगावर घेतलं.

मग फुआतिनो उठून मध्यभागी उभी राहिली.

"बायांनो, ऐका," ती म्हणाली, आणि बोलता बोलता तिचा आवाज चढत गेला. "या घरात उभी राहून मी तुमची खरडपट्टी काढत आले. माझ्या नातीला उपाशी ठेवत होता तो माझा गळा! माझ्या सुनेला ते कळलं होतं, पण माझ्या धाकानं ती गिळून बसली. तिनं मला हाकललं नाही. मीच उठून गेले. यापुढे तिला कुणी एक शब्द जरी बोललं, तर गाठ माझ्याशी..."

लुपेनं स्तन सोडला. मान वळवून ती आजीकडे बघू लागली. साऱ्या बायकांनी ते पाहिलं.

"...गाठ माझ्याशी आहे! माझ्या घरात सुनेला तोंड..."

"आई!" सिनिवा म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "गप्प बसा बघू. तिला पिऊ द्या."

कुणाचा पंखाही हलेना. सुनेनं सासूला, आणि ते अध्यक्षाला, आणि ते भरसभेत! सोसेफिनानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. फुआतिनोनं तिच्याकडे असं बघितलं की ते तसंच मिटलं. मग ती होती तिथेच, मध्यभागी, खाली बसली. लुपेनं मान फिरवली आणि पुन्हा प्यायला लागली, घुटुक् घुटुक्. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तोंडातून अक्षर नाही.