सेबास्टियनचे बाण

"तुमच्या लोकांनी माझा संत बरा केलाय," हान्नेके फोनवर म्हणाली. "अंगात एकही बाण नाही."

हान्नेके आमच्या क्लायंट म्युझियमची क्युरेटर, म्हणजे तिथल्या चित्रांची जबाबदारी तिच्याकडे. डच माणसं चिडली की आवाज चढवत नाहीत, वाक्यं छोटी करतात. २००५च्या आसपासची गोष्ट. नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पच्या ऑफिसात मी या प्रोजेक्टची लीड होते. चित्रांच्या जुन्या फिल्म स्कॅन करून वेबसाइटवर टाकायच्या होत्या. फिल्मवर ओरखडे असतात. सॉफ्टवेअर बारीक रेघा शोधून त्यांच्यावर खूण करायचं. कुठली पुसायची आणि कुठली ठेवायची, हे पुण्यातला ऑपरेटर ठरवायचा. याला आम्ही क्लीनअप म्हणायचो.

हे चित्र इटलीतलं, रेनेसाँ काळातलं. खांबाला बांधलेला उघडा तरुण. सेबास्टियन, सुरुवातीच्या ख्रिस्ती हुतात्म्यांपैकी एक. बाण हीच त्याची ओळख. ते काढले की उरतो पोहायला निघालेला देखणा पोरगा.

माझे बॉस कुलकर्णी सर धावतच आले. "अगं, सोमवारी साइट लाइव्ह जायचीय! त्या ऑपरेटरला आजच काढ आणि क्लायंटला तसं कळव."

"सर, ओरिजिनल स्कॅन आपल्याकडे जसाच्या तसा आहे. बाण संध्याकाळपर्यंत परत येतील. चांगलं माणूस घालवलं तर ते येणार नाही."

सर घुश्शातच खुर्चीत बसले. मी पुण्याला फोन लावला.

ऑपरेटर वर्षा, टीममधली सगळ्यात नेटकी मुलगी. सॉफ्टवेअरने बाणांना ओरखडे ठरवलं होतं. हिने ते पुसलेच, वर जखमाही भरून काढल्या.

"बाण आहेत हे दिसलं नाही का तुला?"

"दिसलं ना मॅडम. पण फाइलच्या नावात सेंट होतं. म्हणजे देवमाणूस. भंगलेली मूर्ती आपण देव्हाऱ्यात ठेवतो का? मला वाटलं, फिल्मवर कुणीतरी वात्रटपणा केलाय." मग आवाज बारीक झाला. "माझी नोकरी जाणार का?"

मला हसू आलं आणि तिच्यासाठी वाईटही वाटलं. चित्रात काय आहे, हे त्या टीमला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी हान्नेकेलाही त्याच कॉलवर घेतलं आणि भंगलेल्या मूर्तीची गोष्ट इंग्रजीत सांगितली. आपल्याकडे अशी मूर्ती पूजेत ठेवत नाहीत, या मुलीने मनापासून दुरुस्ती केली आणि आता तिला नोकरी जाण्याची भीती वाटतेय, हेही सांगितलं. सर माझ्याकडे डोळे वटारून बघत होते.

"तिला सांग," हान्नेके म्हणाली, "सेबास्टियन बाणांनी मेला नाही. आयरीन नावाच्या विधवेने बाण उपसले, जखमा बांधल्या आणि तो वाचला. पुढे ज्याने बाण मारायला लावले त्याच रोमन सम्राटासमोर पुन्हा जाऊन बोलला, तेव्हा मारला गेला. पण त्या विधवेला कुणी नोकरीवरून काढल्याचं मी वाचलेलं नाही."

मी मराठीत सांगितलं. वर्षाने नाक ओढलं.

"मग मॅडम, बाण परत लावू?"

"लाव."

साइट सोमवारी लाइव्ह गेली, बाणांसकट. कुलकर्णी सरांनी मीटिंगमध्ये 'आपली नेटकी टीम' असं म्हणून कौतुकही केलं. तेव्हापासून प्रत्येक चित्राबरोबर पुण्याला दोन ओळींची गोष्ट जाऊ लागली. साफ करणाऱ्याला घाण कोणती ते आधी सांगावं, एवढंच मी यातून शिकले.

तरी पुढच्याच आठवड्यात वर्षाचा फोन आला. ताटलीत स्वतःचे डोळे घेऊन उभी असलेली एक संत बाई तिच्या स्क्रीनवर होती.

"मॅडम, गोष्ट वाचली. पण नक्की असंच ठेवायचंय ना?"