दोन्ही पंखांतलं एक पीस

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोलासुद्धा नाही. मग तुम्हाला का सांगतोय? — थकलोय, एवढंच.

आमच्या शुक्रवार पेठेत अण्णांच्या दिवाणखान्यात अकरा पाखरांची छापील चित्रं लावलेली आहेत. प्रत्येकाच्या कोपऱ्यात माझी सही. येणारा जाणारा म्हणतो, काय हात आहे सरांचा! मी शाळेत चित्रकला शिकवतो — शंका कोण घेणार?

अण्णांचं घर व्यापारी, श्रीमंत. वेड मात्र पाखरांचं. आजोबांनी शिकार करून, भुसा भरून ठेवलेले पक्षी काचेच्या कपाटात होते. त्यांना कसर लागत चालली होती. पुरते झडायच्या आत चित्रं काढून छापू, असं अण्णांनी ठरवलं आणि काम मला दिलं. मी हो म्हणालो. पण पिसं — पिसं मला जमेनात. तसं सांगायला काय झालं होतं? लाज वाटली. दुसरं काय.

नरसय्याला जमायची. तो पूर्व भागातला, विणकरांच्या वस्तीतला. चादरींची नक्षी काढण्यात त्याचा जन्म गेला, मग कारखाना बंद पडला. चौकटींच्या कागदावर तो एकेक पीस मोजून उतरवायचा. अकराही चित्रं त्याची. मी रंगवलं ते मागचं आभाळ. सही कर म्हटलं तर हसला, "चादरीवर कोण सही करतंय सर?" ती मी परवानगी समजलो. समजलो? — नाही. सोयीचं होतं. पण चित्रं लागतील त्या दिवशी सगळ्यांपुढे तुझं नाव सांगेन, असं मीच त्याला म्हटलं होतं.

तो दिवस आला. पाहुण्यांदेखत अण्णांनी मला माळढोकापुढे थांबवलं. पंख पसरलेला पक्षी. कपाटातल्या माळढोकाच्या डाव्या पंखातलं एक पीस कसरीनं खाल्लेलं. चित्रात उजव्यातलंही नेमकं तेच नाही.

"काय सर, कसर मोजून खाती व्हय?" अण्णांनी विचारलं.

मला लगेच कळलं. चादरीची नक्षी अर्धीच काढतात. उरलेली अर्धी मागावर आपोआप उलटी होऊन विणली जाते. नरसय्यानं हाताच्या सवयीनं पंखही तसाच उलटवला होता.

मी म्हणालो — "ते आमच्या मदतनीसानं बिघडवलं."

अकरा चित्रं माझी. ते एक पीस तेवढं त्याचं.

नरसय्या मागेच उभा होता, इस्त्रीचा सदरा घालून. पाहुणे हसले. तोही हसला. "चादरीत चालतंय की सर, पाखरात न्हाई चालत," म्हणाला, आणि बाहेर चपला शोधायला गेला.

त्याला आठ वर्षं झाली. बाजारात भेटला की अजून "सर" म्हणतो, मुलांची चौकशी करतो. मी घाईत असल्यासारखं दाखवतो.

त्या अकरा चित्रांवरची माझी सही काढून तिथं नरसय्याचं नाव घालायचं आहे. ते मी अजून केलेलं नाही.