तारेवर टांगलेला आवाज

वामनराव साठवण्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांनी मला चहाबरोबर माझाच आवाज दिला. लग्न होऊन तुमसरला येऊन मला जेमतेम महिना झाला होता. तुमचे आजोबा बँकेत, वामनराव राइस मिलचे मालक, म्हणून बोलावणं आलं. त्यांच्या पत्नी सुमनताई यांच्याशी मी नव्या सुनेनं बोलावं तसं बोलले. गाव छान आहे, माणसं छान आहेत, मला इथं फार आवडतं. कप खाली ठेवते तोच आतल्या दारामागून एक पातळ, नाकातला, लाडिक आवाज येऊ लागला, "गाव किती छान आहे हो." ही कोण बाई इतकं खोटं बोलते आहे, असं मला क्षणभर वाटलं. वामनराव दारात उभे राहून माझा चेहरा बघत होते.

"माणसाले आपली पाठ दिसत नाही अन् आपला आवाज आयकू येत नाही, बाई," ते म्हणाले. "मी दोन्ही दाखवतो."

ईशान, तू तुझ्या घराच्या तळघरात मांडलेल्या जुन्या स्पूल टेपरेकॉर्डरचा फोटो पाठवलास, आणि मीरानं त्याखाली लिहिलं की आजीला यातलं काय कळणार. थोडं कळतं. म्हणून हे लिहिते आहे. आधी खोली सांगते, मग माणूस.

वामनरावांची टेप करायची खोली मिलच्या गोदामावर होती. भिंती दुहेरी फळ्यांच्या, मधल्या पोकळीत धानाचा भुसा ठासून भरलेला, आतून बारदाना ठोकलेला. बाहेरचा आवाज आत नको आणि आतला बाहेर नको, यासाठी वामनरावांनी हा उपाय स्वतःच शोधला होता. मँगनीजच्या खाणीवरचा एक गोरा साहेब देश सोडताना मागं टाकून गेलेलं जर्मन मशीन टेबलावर होतं, आणि नागपूरच्या भंगारातून आणून दुरुस्त केलेलं दुसरं त्याच्या शेजारी. ॲम्प्लिफायरमधले काचेचे व्हॉल्व्ह तापून केशरी व्हायला वेळ लागे. तोवर खोलीत कोणी बोलायचं नाही. भुशात उंदीर झाले म्हणून मांजर आणलं, तर एका भजनात मांजर आलं. मांजर हाकललं आणि उंदीर राहू दिले. उंदीर निदान मधे बोलत नाहीत, असं वामनरावांचं म्हणणं.

जिन्यावर लाल दिवा लागला की खाली मिल बंद होई. हमाल पोती टेकवून भिंतीला पाठ लावून गप्प बसत. घरातही तेच. सुमनताई पदराची चिंधी फाडून बांगड्यांवर गुंडाळून वर चहा आणत. तरी एखादी किणकिण होईच. मग चारचौघांत वामनराव म्हणत, "हिच्या हातात बांगड्या नाहीत, टाळ आहेत." सुमनताई हसत. त्या हसण्याचाही त्यांच्याकडं एक टेप होता.

त्यांचा कान मात्र असा, की माझ्या बोलण्यावरून ते मला उद्या सर्दी होणार हे आज सांगत, आणि ती होई. मी गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवू लागले होते; मुलांना उच्चार कळावेत म्हणून त्यांनी माझे धडे हौसेनं टेप करून दिले. दंडारीच्या खेळातली गाणी म्हणणारी माणसं, धानाच्या रोवणीची गाणी म्हणणाऱ्या बाया, सगळ्यांना त्यांनी त्या खोलीत आणलं, आणि ती माणसं आपला आवाज ऐकून लाजून, खूश होऊन जिना उतरली. सगळीच नाही. गावात एक भजनी बुवा होते, हयातभर देवळात पहिला सूर त्यांचा. वामनरावांनी त्यांचं भजन टेप केलं आणि लोकांसमोर ते वाजवताना शेजारी पेटीवर खरा सूर धरून ठेवला. दोन सुरांमधलं अंतर आंधळ्यालाही दिसलं असतं. "बुवा, देव सगळं आयकते असं तुम्हीच सांगता ना," वामनराव म्हणाले, "मंग त्याचे काय हाल झाले असतील." सगळे हसले, बुवाही हसले. त्यानंतर बुवा देवळात येत, पण मागं बसून नुसते टाळ वाजवत.

आमच्या शाळेत आनंद मेश्राम नावाचे गणिताचे शिक्षक होते. ते बोलताना अडखळत. शब्दाच्या पहिल्या अक्षरावर जीभ थांबे, तेच अक्षर पुन्हापुन्हा येई आणि शब्द काही येत नसे. म्हणून ते सारं गणित फळ्यावरच शिकवत. मुलं मागून नक्कल करीत आणि ते फळ्याकडं तोंड करून ती ऐकत. त्यांचे वडील सुकरामजी वामनरावांच्याच मिलमध्ये हमाल होते. छप्पन साली ह्या लेकराला खांद्यावर घेऊन दीक्षेला नागपूरला गेलेला माणूस. मुलगा अडला की ते लगेच शब्द पुरवत. मुलगा नुसतं अक्षर घोळवे आणि सुकरामजी "भाकर," म्हणत, "शाळा," म्हणत, "पैसे," म्हणत, आणि ते कधी चुकत नसत.

एकदा मेश्राम सरांनी मला मनातलं सांगितलं. ते वाक्य मी इथं सरळ लिहिते. त्यांनी ते सरळ म्हटलं नव्हतं. "मुलांच्या नकलेचं मला काही वाटत नाही, बाई. पण बाबा मला एक वाक्य पुरं करू देत नाहीत, आणि ते मायेनं करतात, म्हणून त्यांना थांबवताही येत नाही."

दरवर्षी आंबेडकर जयंतीला त्यांच्या वस्तीत जे मुख्य भाषण होई, ते लिहीत मेश्राम सर आणि वाचे दुसरंच कोणी. त्या वर्षी त्यांच्या मनात आलं की ते आपल्या आवाजात व्हावं, आणि बाबांनी समोर बसून, मधे एकही शब्द न घालता ते शेवटपर्यंत ऐकावं. एवढीच इच्छा. मी वामनरावांकडं शब्द टाकला.

वामनराव त्यांच्याशी ज्या मायेनं वागले, तसे ते दुसऱ्या कोणाशी वागलेले मी पाहिले नाहीत. "घाई नोको करू, मास्तर. टेप माया घरचा आहे, पळू दे," असं म्हणत ते डोळे मिटून बसून राहत. एकेका वाक्याला मेश्राम सर घामाघूम होत. मग ते गेल्यावर वामनराव टेप हातानं मागंपुढं फिरवत, अडखळल्याची जागा नेमकी धरत, ब्लेडनं तिरका काप देत आणि दोन टोकं चिकटपट्टीनं जोडत. जोड कुठं आहे ते मला कितीही ऐकलं तरी सापडेना. कापलेले तुकडे ते फेकत नसत. खोलीत एक तार बांधून तिच्यावर लाकडी चिमट्यांनी ते ओळीनं टांगलेले असत, वाळत घातलेल्या शेवयांसारखे, पंख्याच्या वाऱ्यात हलत. मला वाटलं, काटकसरी माणूस आहे.

मेश्राम सरांनी आम्हा दोघांकडं एकच मागितलं. टेप कापला आहे हे बाबांना कळू नये. त्यांनी वडिलांना सांगितलं होतं की माणसं समोर असली की मी अडतो, बंद खोलीत एकटा असलो की सरळ बोलतो. "माया तोंडून निघणार नाही," वामनराव म्हणाले. ते त्यांनी पाळलं. त्यांच्या तोंडून ते कधीच निघालं नाही.

जयंतीच्या दिवशी मी बायकांच्या बाजूला बसले होते. मेश्राम सर मंचावर ओठ घट्ट मिटून बसले होते आणि कर्ण्यातून त्यांचा आवाज येत होता, भरदार, सलग. मी सुकरामजींकडं पाहत होते. अवघड शब्द जवळ आला की सवयीनं त्यांचे ओठ उघडत. पण शब्द आपला आपण येऊन पुढं जाई आणि ओठ मिटत. थोड्या वेळानं ते उघडायचेही थांबले. म्हातारा गुडघ्यांवर हात ठेवून नुसता ऐकत राहिला. नंतर भेटेल त्याला ते सांगत होते, "माया पोरगा एकटा असला का सरळ बोलते जी. आम्हीच त्याच्या मधे येतो." आणि त्या दिवसापासून घरी मुलगा अडला की सुकरामजी थांबू लागले. शब्द यायला कितीही वेळ लागो, ते दुसरीकडं बघत थांबत. मेश्राम सरांनी मला हे सांगितलं, तेव्हा ते किती वेळ अडले हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही, इतका त्यांचा चेहरा उजळला होता.

वामनरावांकडं रविवारी दुपारी बैठक असे. डॉक्टर, वकील, तुमचे आजोबा आणि मी, चहा-चिवडा आणि नवा टेप. उन्हाळा सरत आला होता. त्या रविवारी त्यांनी मेश्राम बापलेकांनाही बोलावलं होतं. सरांना खुर्ची दिली. सुकरामजींनाही दिली, पण मालकासमोर ते काही बसेनात. दाराशी जमिनीवर बसले.

"सुकराम, तुया पोराचं एक भाषण तू वस्तीत आयकलं," वामनराव म्हणाले. "आता दुसरं आयक. हे त्याच्याहून असली आहे."

त्यांनी बटण दाबलं. तारेवरचे ते सगळे तुकडे त्यांनी एकामागून एक जोडले होते. शब्द एकही नव्हता. नुसती अक्षरं, तीच तीच, घशात अडकलेली, मधे श्वास, पुन्हा अक्षर. जोडकाम इतकं सफाईचं होतं की त्याला एक ताल आला होता. आधी वकील हसले. मग डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले. वामनराव हातानं ताल देत होते. मेश्राम सर समोरच्या भिंतीवरच्या बारदान्याकडं बघत बसून होते, वर्गात फळ्याकडं बघत तसेच.

सुकरामजींना पहिल्यांदा काही उमजेना. मान कलती करून ते ऐकत होते. मग त्यांचे ओठ उघडले.

"समता," ते हळूच म्हणाले.

पुढचा तुकडा आला. "माणूस," ते म्हणाले. पुढचा. "शिक्षण." पुढचा. "बाबासाहेब." तुकडे तारेवरच्या ओळीनंच जोडलेले होते, त्यामुळं त्या भाषणातले सगळे अवघड शब्द ओळीनं येत गेले, आणि म्हातारा एकेकाला हात देत गेला. पाठीवर पोतं घेऊन फळीवरून उतरणाऱ्या साथीदाराला खालच्यानं हात द्यावा, तसा. एकही शब्द चुकला नाही. खोलीतलं हसू विरळ झालं, मग थांबलं. मशीन आणि सुकरामजी, एवढेच आवाज उरले.

हसू थांबलं म्हणून मला हायसं वाटलं आणि मी मेश्राम सरांकडं पाहिलं. लोक हसत होते तेव्हा त्यांचा चेहरा होता तसाच होता. आता तो पडला होता.

टेप संपला. वामनराव ताडकन उठले. रागानं नाही, त्यांना काहीतरी दुर्मीळ सापडलं होतं. "वा रे सुकराम. असं तर मलेही सुचलं नसतं. थांब, दुसरं मशीन लावतो, तू पुन्हा एकदा म्हण."

सुकरामजींनी मुलाकडं पाहिलं. "म्हणू का, बाबू?"

मेश्राम सरांनी तोंड उघडलं. पहिलं अक्षर आलं आणि तिथंच राहिलं. ते पुन्हा आलं, पुन्हा राहिलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या. आम्ही सगळे वाट पाहत होतो. आणखी थोडा वेळ मिळता तर तो शब्द आला असता, असं मला वाटतं. सुकरामजींना तेवढं थांबणं जमलं नाही.

"नको म्हणते जी, मालक," ते म्हणाले.

बापलेक जिना उतरून गेले. सुट्टी संपायच्या आत मेश्राम सरांनी साकोलीकडच्या एका शाळेत बदली मागून घेतली. सुकरामजी मिल सोडून त्यांच्याबरोबर गेले. घरी पुन्हा पहिल्यासारखं झालं. मुलगा अक्षर काढी आणि बाप शब्द पुरवी.

काही वर्षांनी सुकरामजी वारले, तेव्हा मी भेटायला साकोलीला गेले होते. मेश्राम सर आलेल्या माणसांपाशी बसले होते. त्यांच्या पत्नीनं स्वयंपाकघरात मला सांगितलं. शेवटी सुकरामजींची वाचा गेली होती, पण समज होती. सर उशाशी बसून त्यांना काहीतरी सांगू लागले आणि पहिल्याच अक्षराशी अडले. म्हातारा त्यांच्या तोंडाकडं बघत होता. ओठ हलवत होता, पण त्यातून काही निघत नव्हतं. "ह्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत बाबा गेले, बाई," ती म्हणाली. वाक्य काय होतं ते तिलाही ठाऊक नव्हतं.

परत आल्यावर मी मुद्दाम वामनरावांकडं गेले आणि हे सगळं त्यांना सांगितलं. ते टेबलाशी टेप जोडत बसले होते. त्यांनी ब्लेड खाली ठेवलं, चष्मा काढला आणि शेवटपर्यंत ऐकलं. त्यांचे डोळे भरून आले. ते खोटं नव्हतं. तेवढं मलाही ओळखता येतं.

"मास्तरनं निरोप धाडायचा होता न, बाई," ते म्हणाले. "मी मशीन घेऊन गेलो असतो. त्यायचं म्हणणं सरळ करून दिलं असतं म्हाताऱ्याले आयकायले. एका दुपारचं तर काम होतं."

मग त्यांनी चष्मा लावला आणि समोरचा टेप पुन्हा हातात घेतला.