पंखांची पोर आणि बाकीच्यांची जात

रंगारीण तोंडाची इतकी फटकळ, की अख्खी गल्ली तिला टरकून असायची. पण त्या दिवशी रंगशाळेच्या अंगणात सभा भरली आणि बाईची दातखीळच बसली.

राज्य पंखवाल्यांचं. त्यांच्या जातींना नावं होती, मान होता. खाली राबणाऱ्यांना नुसतं 'बाकीचे' म्हणत. आता वरून फर्मान आलं होतं: तुमच्या जातीचं नाव तुम्हीच ठरवा, तुमच्यात कोण मोडतो तेही सांगा. तुमचा शब्द आम्ही मोडणार नाही. मात्र त्यात जो बसणार नाही, त्याला वर आमच्या मनोऱ्यात नेऊ.

"त्यात काय अवघड?" लोहार मांडीवर थाप मारून म्हणाला. "ज्याला पंख नाहीत तो आपला. संपलं!"

माना डोलल्या. पूर ओसरल्यावर रंगारणीला रंगाच्या कढईमागे एक तान्ही पोर सापडली होती, तीच तिची लेक. तिच्या पाठीवर पंखांचे दोन कोंब होते. भर उन्हाळ्यातही रंगारणीनं पोरीच्या अंगावरची शाल कधी उतरवू दिली नव्हती. आता बोलावं तर पोर जाते, गप्प बसावं तरी जाते.

तेवढ्यात शेजारची विणकरीण उठली. सांडपाण्यावरून दोघींचं हाडवैर. 'मेलीला आजच तोंड उघडायचं होतं!' रंगारीण मनात म्हणाली.

"लोहारदादा, अक्कल भट्टीत घातलीस का?" विणकरीण कडाडली. "मग आपल्या पोरीनं कुठं जायचं?"

लोहारानं जीभ चावली. "अरेच्चा, खरंच की! लक्षातच नाही आलं."

रंगारीण आ वासून बघत राहिली.

"ओझं उचलायला हाक मारली की हातातलं काम टाकून जो धावत येतो, तो आपला," विणकरीण म्हणाली. "आणि नाव ठेवा हातभारी."

दारात उभ्या पंखवाल्या कारभाऱ्यानं कपाळाला आठ्या घातल्या. "आणि त्याला पंख असले तर?"

"असेनात का! हाकेला येतो ना? मग झालं तर!"

सगळं अंगण 'बरोबर, बरोबर' म्हणून ओरडलं. शब्द मोडायची सोय नव्हती. कारभारी पंख झटकून उडून गेला.

रंगारीण ढसाढसा रडली. किती हलकं वाटलं तिला! मग नाक पुसत तिनं विचारलं, "तुला कधी कळलं गं?"

"तू तापानं फणफणली होतीस, तेव्हा तुझ्या लेकीला अंघोळ कोण घालत होतं?" विणकरीण म्हणाली. "आणि माझ्या पोटात कधी काही राहिलंय का? दुसऱ्या दिवशी गल्लीभर झालं होतं. तुला तेवढं कुणी सांगितलं नाही."