उन्हातले ठोकळे

धाराशिवजवळ निजाम सरकारची धावपट्टी होत होती, तेव्हा मी तिथे हजेरीवर होतो. काँक्रीटची ताकद तपासणारे ओव्हरसियर ताज्या काँक्रीटवर अंथरलेल्या ओल्या पोत्यांवरून अनवाणी चालत. तळव्याला कोरडं लागलं की ओरडत, “पानी मारा!”

त्यांचा धाकटा भाऊ मुकादम होता. पट्टीच्याच काँक्रीटचे चाचणीचे ठोकळे त्याने हौदात गार ठेवले होते; पाण्यात ते पट्टीपेक्षा पक्के होत. ओव्हरसियरांनी ते काढून पट्टीवर, उन्हात मांडले.

“दादा, ऱ्हाऊ द्या की! फुटले तर माझं मुकादमपन जातंय.”

“विमान हौदात उतरनार न्हाय.”

पुढे दाबयंत्रात ठोकळे ठरल्यापेक्षा कमी दाबालाच फुटले. भावाच्या टोळीने घातलेल्या पट्टीच्या तुकड्याभोवती ओव्हरसियरांनी स्वतः चुन्याची रेघ ओढली आणि तो फोडायला सांगितला.

त्या दुपारी दोघे भाऊ नेहमीसारखे एकाच फडक्यातली भाकरी खायला बसले. धाकट्याने चटणी पुढे सरकवली.