फोटोसाठी नेसलेलं लुगडं

आमच्या वऱ्हाडात दवाखान्यातलं मशीन कोणतंही असो, ते फोटोच काढते. हाडाचा फोटो, पोटाचा फोटो. अमरावतीच्या डॉक्टरांनी बायकोचा एमआरआय सांगितला, अकोल्यात नंबर लवकर लागला, अन् मी घरी जाहीर केलं, "उद्या तुह्या डोक्याचा फोटो हाय!"

बाई नटली. जरीकाठाचं ठेवणीतलं लुगडं, हिरव्या बांगड्या, गजरा. गजरा असा, की मधमाश्या अर्धं तिकीट काढून मूर्तिजापूरपर्यंत आमच्यासोबत आल्या. मी तिला शेंदूरजनाघाटच्या त्या संत्र्याची गोष्ट सांगत होतो, ज्याच्या सालीखाली आमची अख्खी वरात उन्हाची सावलीला बसली होती. ती हसली, मग डोकं धरून खिडकीला टेकली.

अकोल्यात तपासणीवाली मुलगी म्हणाली, "काकू, जरीचं लुगडं बदलून हा गाऊन घाला. मंगळसूत्र, जोडवी, पिना, सगळं काढा. आत मोठं चुंबक आहे."

बायको माझ्याकडे वळली. "तुमी त फोटो म्हनले होते! अन् तुमी समोर उभे असताना मी जोडवी काढू? नाई करत मी. चाला घरी."

माझ्या हाकेनं चिखलदऱ्याची माकडं झाडावरून पडतात. त्या दिवशी मी नुसतं त्या मुलीकडे पाहिलं.

मुलीनं स्टूल ओढलं, तिच्यासमोर बसली. "काय विचारायचं ते विचारा, काकू."

"दुखते काय?"

"नाही. पण लय आवाज करते, टिनावर गारा पडल्यासारखा. कानात बोळे देते मी. हलायचं मात्र नाही."

"अन् जीव घाबरला त?"

"हातात रबरी फुगा देते. दाबला की लगेच बाहेर काढते."

बायकोनं माझ्याकडे बोट केलं. "अन् हे? ह्यायचं बोलनं आयकू येते काय आत?"

"बोलणं नाही येणार. पण अंगावरचं लोखंड-बिखंड काढून ते पायाशी उभे राहू शकतात. पाय धरून."

"बोलनं नसन त चांगलंच हाय," ती म्हणाली, अन् वाकून जोडवी काढायला लागली.

मी तिच्या पायाचं बोट धरून उभा राहिलो. जोडव्याच्या जागी पांढरा वळ होता. मशीन कडाडलं. तिनं बोटसुद्धा हलवलं नाही.

फोटोत निघायचं ते निघालं. दिवाळी तिनं पाहिली नाही.

तेरवीला हार घालायला फोटो शोधला. तिचा एकटीचा एकही नाही. लग्नाकार्याच्या सगळ्या फोटोंत मीच पुढे, तोंड उघडं, अन् माझ्या खांद्यामागं तिचा अर्धा चेहरा. एकटीचे म्हणावे तर अकोल्याच्या लिफाफ्यातले, आतून काढलेले.

ते लुगडं नेसून, गजरा माळून ती बसमध्ये माझ्या शेजारी बसली होती. फोटो काढायलाच निघाली होती. मोबाईल माझ्या खिशात होता, अन् मी संत्र्याची गोष्ट सांगत होतो.