माझी तारीख खरी आहे

"तोंड उघड."

शिक्षणसंस्थेचे उपाध्यक्ष खुर्चीतून उठले नाहीत. कुंदालाच त्यांच्यापुढे वाकावं लागलं. सोळा वर्षांची मुलगी. अंगात शाळेचा निळा स्कर्ट, पिंढऱ्यांपर्यंत लाल माती. थोड्याच वेळापूर्वी ती आठशे मीटर पळून पहिली आली होती. छाती अजून वरखाली होत होती.

"आणखी उघड. जीभ बाजूला घे."

हातातली पेन्सिल त्यांनी तिच्या तोंडात घातली. गाल बाजूला सारला आणि दाढा मोजायला लागले. मोठ्याने. कॉलेजच्या जिमखान्याची ती खोली तळमजल्यावर होती. वीज गेलेली. आत नीट दिसत नव्हतं.

"सर, जरा बॅटरी धरा."

मी धरली.

उपाध्यक्ष डॉक्टर नव्हते. इमारती बांधायचे. बैलबाजारात जनावराचं वय असं बघतात, तेवढंच त्यांना ठाऊक होतं. मी उजेड हलू दिला नाही. त्यांना नीट दिसावं म्हणून एक पाऊल पुढे झालो. कुंदाच्या डोळ्यांत पाणी आलं, तेही मला त्याच उजेडात दिसलं.

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. गोवंडीतल्या ज्या वस्तीत कुंदा राहायची, तिथे आज माझं नाव आदराने घेतात. सरांनी नोकरीवर लाथ मारली पण मान खाली घातली नाही, असं भाषणांतून सांगतात. ते खरं आहे. पण ते एकोणनव्वद सालचं. त्याच्या आदल्या वर्षी मी काय केलं, ते वस्तीत कुणाला माहीत नाही. ज्या दोघींना माहीत आहे, त्या बोलल्या नाहीत.

तेव्हा मी घाटकोपरच्या एका खासगी शाळेत खेळाचा मास्तर होतो. नोकरी कायम नव्हती. दरवर्षी नवी ऑर्डर हातात पडेपर्यंत पुढच्या पगाराचा भरवसा नसायचा. त्याच संस्थेचं मुलुंडला कॉलेज होतं. संस्थेत माझं आडनाव चालून जायचं. वडिलांनी गावाच्या नावाला 'कर' जोडून ते घेतलं होतं, आणि ते कुठल्याही जातीचं असू शकत होतं. मी कधी खोटं बोललो नाही. कुणी विचारलं नाही, आणि कुणी विचारू नये अशा बेताने मी वागत राहिलो. डब्यात काय आणायचं, सवलतींचा विषय निघाला की कधी खिडकीबाहेर बघायचं, कुठल्या विनोदाला किती हसायचं, सगळं शिकलो.

कुंदाला मी घडवलं असंही लोक म्हणतात. तेही खोटं. ती माझ्याकडे आली तेव्हा पळतच आली. पहाटे कचऱ्याच्या डेपोकडे जाणाऱ्या रस्त्यावर ती पळायची. धुराने डोळे चुरचुरायचे, मागे कुत्री लागायची. मी फक्त शिट्टी वाजवली आणि वेळ लिहिली. शाळेच्या स्पर्धांचे फॉर्मसुद्धा तीच भरायची, कारण तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. माझी माहितीही तीच लिहायची. नाव, शिक्षण, जन्मतारीख.

दहावीला तिला सत्तेचाळीस टक्के पडले. कॉलेजच्या कुठल्याच यादीत तेवढ्यावर नाव लागणार नव्हतं. राखीव यादीसुद्धा वर बंद झाली होती. पण मैदानी खेळांसाठी अठराच्या आतल्या मुलींची एक जागा होती. फी माफ. मैदान होतं, शिकवणारा होता. आणि तिकडे गावाकडे मामाने तिच्यासाठी मुलगा बघून ठेवला होता. आई मला म्हणाली होती, "कॉलेजात नाव लागलं तर भावाला सांगते, दोन-चार वर्षं थांब म्हणून. नाही लागलं तर मी कुठल्या तोंडानं सांगू सर?"

म्हणजे त्या एका जागेवर तिचं सगळं होतं. ते मला पक्कं माहीत होतं.

चाचणीच्या आदल्या दिवशी उपाध्यक्ष शाळेत आले होते. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "उद्या तुम्ही स्वतः या सर. तुमच्या शाळेची मुलगी आहे. काही लिहून द्यायचं झालं तर सही तुमचीच लागेल." त्यांच्या धंद्यातल्या भागीदाराची मुलगीही पळणार होती, हे मला ठाऊक होतं. ऑर्डर निघायची होती, हेही ठाऊक होतं. घरी गेलो. जेवण गेलं नाही. काय होणार ते मी तेव्हाच ओळखलं होतं, आणि तरीही सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून निघालो.

बसमध्ये कुंदा खिडकीशी बसली होती.

"सर, तिथं कुत्री आहेत का?"

"कॉलेजात कुत्री कशाला असतील?"

"मग वाट लागली. मागं कुत्रं नसलं तर मला स्पीडच येत नाय."

स्वतःच हसली. मी हसलो नाही. तिला वाटलं असेल, सर टेन्शनमध्ये आहेत.

पाऊस लांबला होता. मैदानावर ऊन नुसतं साचून राहिलेलं. झाडाचं पान हलत नव्हतं. फाटकाशी उपाध्यक्ष आणि कॉलेजचे खेळाचे प्राध्यापक माझ्याशी बोलत उभे होते. तेवढ्यात कुंदाची आई आली. ती मुलुंडलाच औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती, अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आली होती. मला बघून तिचा चेहरा उजळला.

"जय भीम, सर!"

मोठ्याने. आपल्या माणसाला करावा तसा.

दोघेही माझ्याकडे बघत होते.

"नमस्कार," मी म्हणालो. "तिकडे बसा."

तिने हात खाली घेतला. जिथे बोट दाखवलं तिथे जाऊन बसली.

चार मुली पळाल्या. दोन फेऱ्या. दुसऱ्या फेरीच्या वळणावर कुंदा एकटीच होती. बाकीच्या मागून येत होत्या, भागीदाराची मुलगी दुसरी. प्राध्यापकांनी घड्याळ बघितलं, पुन्हा बघितलं, आणि उपाध्यक्षांच्या कानाशी लागले. तिचं पहिलं येणं हाच तिच्याविरुद्धचा पुरावा झाला.

"एवढं पळते म्हणजे वय जास्त असणार," उपाध्यक्ष म्हणाले. "दाखला आणा."

दाखल्यावर तारीख होती एक जून.

"वाटलंच! यांची सगळी पिलावळ एक जूनलाच जन्माला येते."

प्राध्यापक हसले. मीही हसलो. आवाज न करता, पण हसलो.

ज्यांच्या घरी तारीख लिहून ठेवणारं कुणी नव्हतं, त्यांच्या पोरांना मास्तर एक जून लावायचे. म्हणजे शाळा उघडताना पोराची बरोबर सहा वर्षं पूर्ण झालेली असायची. मला माझ्या गावच्या मास्तरांनी उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावला होता. बोटं कानाला टेकली. सहा पूर्ण. एक जून. असा मी जन्मलो.

आईला आत बोलावलं. तिला बसायला सांगितलं नाही.

"कधी झाली मुलगी?"

"दुष्काळात झाली साहेब. खडी फोडायच्या कामावर होते मी."

"कुठला दुष्काळ? चार-पाच वर्षं इकडे का तिकडे?"

"असा दुष्काळ एकदाच पडला साहेब. तुमच्याकडं नसंल पडला."

उपाध्यक्षांचं तोंड आवळलं. त्यांनी तिला बाहेर जायला सांगितलं. टेबलावरची पेन्सिल उचलली.

त्यानंतरचं मी सुरुवातीलाच लिहिलं आहे. बाकीच्या तिघींना कुणी तोंड उघडायला लावलं नाही.

"ही मागची अक्कलदाढच आहे," मोजून झाल्यावर ते म्हणाले. "अठराच्या वर आहे. आणि काय हो, यांच्यासाठी राखीव जागा आहेत ना? मग ह्या एका जागेवर पण डोळा कशाला?" मग माझ्याकडे वळले. "सर, तुम्ही चांगल्या घरातले, तुम्हाला कळतं. एक ओळ लिहून द्या. जन्मतारखेची खात्री शाळा देऊ शकत नाही. बस."

कागद पुढे सरकला. मी पेन काढलं.

कुंदाने स्कर्टच्या टोकाने ओठ पुसले. पेन्सिलीचा काळा डाग गालावर तसाच होता. ती शांतपणे म्हणाली, "सरांची पण एक जूनच आहे."

माझं पेन कागदावर टेकलं होतं, तिथेच थांबलं.

"हो का?" उपाध्यक्ष म्हणाले. चेहऱ्यावर हसू होतं, डोळ्यांत नव्हतं. "काय सर?"

फार वेळ नव्हता. एक श्वास घ्यावा एवढाच. त्या श्वासात मला सगळं दिसलं. ऑर्डर, घराचं भाडं, माझी दोन मुलं, शिक्षकांच्या खोलीतली माझी खुर्ची. बाहेर बाकावर बसलेली बाईसुद्धा दिसली.

"योगायोग आहे," मी म्हणालो. "माझी तारीख खरी आहे."

आणि ती ओळ लिहिली. सही केली. खाली तारीख घातली.

कुंदाने टेबलावरचा आपला दाखला उचलला, दोनदा घडी घातली. माझ्याकडे बघितलंही नाही. फाटकापाशी आईने विचारलं, "काय झालं गं?" ती म्हणाली, "काय नाय. घरी चल." मी दहा पावलं मागे उभा होतो. आईने मान वळवून मला बघितलं. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि तिला सगळं कळलं होतं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती ओळख नसलेल्या माणसाकडे बघावं तशी बघत होती.

जागा भागीदाराच्या मुलीला मिळाली. माझी ऑर्डर निघाली. दिवाळीनंतर कळलं की कुंदाचं लग्न झालं. सतराव्या वर्षी. माझ्या त्या ओळीमुळे मात्र ती अठराच्या वर ठरली होती. ती ओळ आणखी कुठे कुठे कामाला आली असेल, हा विचार मी वर्षानुवर्षं अर्ध्यावर तोडत आलो. आता तोडत नाही.

पुढच्या वर्षी संस्थेने मला चाचणीच्या समितीवरच घेतलं. विश्वासाचा माणूस म्हणून. माझं नाव छापलेलं पत्र आलं. बक्षीसच ते. कबड्डीची एक मुलगी आली, चेंबूरची. दाखल्यावर एक जून. उपाध्यक्षांनी पेन्सिल हातात घेतली आणि सवयीने माझ्याकडे न बघताच म्हणाले, "सर, बॅटरी."

मी म्हणालो, "नाही."

"म्हणजे?"

"आधी माझे दात मोजा. माझी तारीख खोटी आहे. माझ्या आईबापालाही वार-तारीख ठाऊक नव्हती. मी यांच्यातलाच आहे."

उपाध्यक्षांनी पेन्सिल खाली ठेवली. मग प्राध्यापकांना म्हणाले, "बघा, आपल्या पंगतीला बसून जेवला." एवढंच. आवाज चढवला नाही. मी उठून बाहेर आलो. त्या वर्षी ऑर्डर निघाली नाही. दीड वर्ष मी कुर्ल्याला एका गोदामात माल उतरवून घेण्याचं काम केलं. पुढे महापालिकेच्या शाळेत लागलो. चेंबूरची मुलगीही त्या कॉलेजात गेली नाही. माझ्या बोलण्याने तिला जागा मिळाली असंही भाषणांत सांगतात. नाही मिळाली.

हीच ती गोष्ट, जिच्यावर मी इतकी वर्षं हार घालून घेतले. पोरं पाया पडली. मी पाठीवर हात ठेवला. प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणायचं, सरांनी कुंदासारख्या मुलींना पळायला शिकवलं. मी मान हलवायचो. सभेत तिच्या वस्तीतली माणसं समोर बसलेली असायची आणि माझी नजर शेवटच्या रांगेवरून फिरायची, ती आली आहे का म्हणून. ती कधी आली नाही. नवरा गेल्यावर ती कल्याणच्या पुढे कुठेतरी राहते असं ऐकतो. दोन मुलींना तिने एकटीने शिकवलं, असंही.

मला लोक विचारतील, वय झालं, आता कशाला? त्यांना सांगतो. दुसऱ्या वर्षी मी जे बोललो ते पहिल्या वर्षी बोलायचं होतं. पहिल्या वर्षी एका मुलीचं आयुष्य त्यावर होतं. दुसऱ्या वर्षी फक्त माझी नोकरी होती. लोकांनी नोकरीचा हिशेब केला आणि मला मोठा केला. त्या उपाध्यक्षांनी एका दिवशी एका मुलीचं तोंड उघडून बघितलं. ती पहिली आली ही गोष्ट मी इतकी वर्षं दाबून ठेवली. दोघांत तिच्यावर जास्त काळ अन्याय कुणी केला?

येत्या रविवारी वस्तीतल्या विहारात माझा सत्कार आहे. पत्रिका छापून झाल्या. मी जाणार आहे. शाल घेणार नाही. हा कागद माइकसमोर उभा राहून वाचणार, पहिल्या शब्दापासून. कुणी मधे उठून म्हणेल, सर, राहू द्या, तर थांबणार नाही. कुणी शिव्या दिल्या तर उत्तर देणार नाही. कुंदाची माफी मागणार नाही. माफी मागितली की ती द्यायची की नाही याचा निर्णय पुन्हा तिच्याच गळ्यात पडेल. तिच्या वाटेला मी एवढं टाकलं ते पुरे आहे. सगळ्यांना कळायला हवं की त्या दिवशी मुलुंडच्या मैदानावर ती पहिली आली होती. तिचं वय सोळा होतं. ते मला माहीत होतं. मी खोटं लिहिलं.